मुलें मोठीं झाल्यावर

आपल्याकडे मुलगी उपवर झाली म्हणजे संसार कसा करावा हें तिला सांगणारीं माणसें पुष्कळ मिळतात. पहिलें बाळंतपण आलें म्हणजे तर सल्ला देणाऱ्यांची घरांत रीघ लागते. परंतु तीस-पस्तीस वर्षांनीं तोच संसार हातावेगळा झाला, मुलें शिकून आपापल्या वाटेनें गेलीं आणि दुपारचे चार तास मोकळे होऊन समोर उभे राहिले, म्हणजे त्या तासांचें काय करावें हें सांगणारें फारसें कोणी भेटत नाहीं. जे सांगतात ते दोनच गोष्टी सांगतात: देवाचें करा, नाहीं तर नातवंडांचें करा. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आणि दोन्ही मी करतें. पण या दोहोंच्या जोडीला तिसरी एक गोष्ट असूं शकते, आणि ती म्हणजे केवळ आपल्याला आवडतें म्हणून मन लावून केलेलें एखादें काम, हें सांगण्याचें धाडस मी या लेखांत करीत आहें. माझ्या बाबतींत तें काम म्हणजे पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ ठरला. हें वाचून कांहीं वाचकभगिनींच्या भिवया चढतील. त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मगच त्या चढवाव्या, एवढीच विनंती.

आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आहे आणि अजून एकत्र आहे. सासूबाईंचें वय ८८. त्यांच्या खालीं थोरले दीर व जाऊबाई, आणि आम्ही दोघें. एके काळीं या घरांत दोन्ही वेळां अकरा माणसें जेवावयास बसत. दिरांचे दोघे मुलगे, आमची मुलगी व मुलगा, आले-गेले पाहुणे, शिकावयास राहिलेला एखादा भाचा, या सर्वांच्या डब्यांत, दुखण्यांत, परीक्षांत आणि लग्नांत माझीं व जाऊबाईंचीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं. मी १९८६ सालीं गणित हा विषय घेऊन बी. एस्सी. झालें होतें. लग्नानंतर तें गणित दुधाचा हिशेब, वाण्याची यादी आणि मुलांच्या गृहपाठाच्या वह्या यांपुरतें उरलें. ही तक्रार नव्हे. त्या काळीं तेंच स्वाभाविक वाटलें आणि त्यांत आनंदहि पुष्कळ होता. पुढें मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, दिरांचे मुलगे मुंबईस स्थायिक झाले, आणि २०२१ सालीं आमचा मुलगा जर्मनीस गेला. घरांत पांच माणसें उरलीं. त्यांतली सर्वांत धाकटी मी, आणि माझीहि साठी चार वर्षांवर आलेली.

मुलें दूर गेलीं म्हणून मी रडत बसलें नाहीं. त्यांनीं जावें, म्हणूनच तर त्यांना शिकविलें होतें. मला जी अडचण आली ती निराळी होती. कोणाला तरी आपली गरज आहे, या एका जाणिवेवर माझा सारा दिवस उभा होता, आणि ती जाणीव एकाएकीं पातळ झाली. चार वाजले कीं कांहीं खावयास करावें असें हातांना वाटे, पण खाणारें कोणी नसे. सकाळीं वर्तमानपत्र हातीं घेतलें तर मुलाच्या उपयोगाचें कात्रण आहे कां, हें डोळे आधीं पाहात. मला स्वतःला काय वाचावयाचें आहे, हा प्रश्न कित्येक वर्षांत मीं मला विचारलेलाच नव्हता.

आपल्या शास्त्रकारांनीं या वयाचा विचार केला नाहीं असें नाहीं. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पिकले आणि मुलाचें मूल पाहिलें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. पण तेथेंच पुढें पत्नीविषयीं जें म्हटलें आहे तें लक्षांत घेण्यासारखें आहे: तिला मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर घेऊन जावें. म्हणजे पुरुषाला निवृत्ति आहे. स्त्रीला मात्र एका आश्रयांतून दुसऱ्या आश्रयांत जाणें किंवा पतीच्या मागोमाग जाणें, एवढेंच आहे. तिचें स्वतःचें असें वन कोणीं आखून ठेवलेलें नाहीं. तें आतां आपल्यालाच आखावें लागणार.

माझ्या वनाची वाट अगदीं अनपेक्षित दिशेनें उघडली. २०२२ च्या दिवाळींत धाकटा पुतण्या चार दिवस राहावयास आला होता. त्याच्याजवळ पत्त्यांचा नवा कॅट होता. झब्बू, बदामसात, लाडीस हे खेळ आमच्या घरांत पूर्वापार चालत आलेले, तो म्हणाला, "काकू, यंदा पोकर शिकवतों. हा खेळ तुम्हांला आवडेल, यांत गणित आहे." तें शेवटचें वाक्य त्यानें म्हटलें नसतें, तर मी कदाचित् फराळाच्या कामाला निघून गेलें असतें.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतें. याचा उगम एकोणिसाव्या शतकांतल्या अमेरिकेंतला. न्यू ऑर्लीन्स व मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून तो पसरला. आजचा जो प्रकार अधिक रूढ आहे त्यांत प्रत्येकास दोन पानें पालथीं मिळतात आणि तीं ज्याचीं त्यानेंच पाहावयाचीं असतात. मग मध्यें सर्वांचीं सामाईक अशीं पांच पानें उलगडतात. प्रथम तीन, मग एक, मग शेवटचें एक. आपलीं दोन आणि मधलीं पांच यांतून उत्तम अशा पांच पानांचा संच जुळवावयाचा. प्रत्येक टप्प्यास बोली होते. बोली मान्य करावी, वाढवावी, किंवा पानें टाकून त्या डावांतून बाहेर पडावें. संचांची पायरी ठरलेली आहे: एकाच रंगाचीं पांच क्रमवार पानें सर्वांत वर; त्याखालीं चार सारखीं; मग तीन सारखीं व एक जोडी; मग एकाच रंगाचीं पांच; मग निरनिराळ्या रंगांचीं पण क्रमवार; मग तीन सारखीं, दोन जोड्या, एक जोडी; आणि शेवटीं कांहींच न जुळलेलीं.

ही पायरी कोणीं लहर लागली म्हणून ठरविलेली नाहीं. जें जितकें दुर्मीळ तितकें तें वरचें, एवढाच नियम आहे. हें पुतण्यानें सांगितल्यावर मला स्वस्थ बसवेना. त्या रात्रीं सर्व मंडळी निजल्यावर दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून तिच्या पाठल्या पानावर मीं मांडणी केली. ५२ पानांतून पांच पानें उचलावयाचीं: ५२, ५१, ५०, ४९, ४८ यांचा गुणाकार ३१,१८,७५,२००, त्याला १२० नीं भागिलें म्हणजे २५,९८,९६० निरनिराळे संच होतात. त्यांतले १३,०२,५४० असे कीं ज्यांत कांहींच जुळलेलें नाहीं. चार सारखीं पानें येण्याचे संच अवघे ६२४. कागदावर उत्तर बरोबर आलें तेव्हां रात्रीचा एक वाजला होता. छत्तीस वर्षांनीं मीं कोणाच्या परीक्षेसाठीं नव्हे, कोणाच्या गृहपाठासाठीं नव्हे, तर माझ्यासाठीं एक उदाहरण सोडविलें होतें. तो आनंद कसा होता, हें ज्यांनीं एके काळीं मनापासून कांहीं शिकून पुढें तें बाजूला ठेवलें, त्या भगिनींना सांगावयास नको.

आतां घरांतला खरा प्रश्न. सासूबाईंचें माहेर रत्नागिरी जिल्ह्यांतलें. त्यांच्या वडिलांनीं तीनपत्तीच्या नादांत आंब्याचीं कलमें असलेली जमीन गहाण टाकली आणि ती पुन्हां घरांत आली नाहीं. त्या लग्न होऊन या घरीं आल्या त्या एक दंडक बरोबर घेऊनच: पत्ते खेळा, पण पत्त्यांवर एक दमडीहि लावावयाची नाहीं. हा दंडक सासऱ्यांनींहि पाळला. तेव्हां दिवाळीनंतर दर शनिवारीं तीन ते पांच या वेळांत आमच्या ओसरीवर पोकर खेळावें असें ठरलें, त्या वेळीं त्यांची परवानगी घेणें अवश्य होतें. जमणारी मंडळी म्हणजे मी, जाऊबाई, दीर, त्यांचे एक निवृत्त बँक-अधिकारी स्नेही, शेजारच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका व त्यांच्या भगिनी. सासूबाईंनीं सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "काय लावणार?" मीं म्हटलें, "चिंचोके." त्या म्हणाल्या, "मग खेळा. पण चिंचोक्यांचे पैसे झाले कीं मला सांगावयास येऊं नका, मला आपोआप कळेल."

दुसरी शंका त्यांनीं काढली ती अधिक खोल होती. या खेळांत हातीं कांहीं नसतांना मोठी बोली करून समोरच्यास माघार घ्यावयास लावतां येतें. आमच्या ओसरीवर आम्ही याला 'हूल' म्हणतों. सासूबाई म्हणाल्या, "समोरच्याला फसवून त्याचे चिंचोके घ्यावयाचे, ही लबाडी नव्हे कां गं?" दिरांनीं उत्तर दिलें, "आई, खो-खोंतला गडी एकीकडे हूल देऊन दुसरीकडे पळतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाहीं. समोरच्यालाहि ठाऊक असतें कीं हा हूल देणार." त्यांचें पूर्ण समाधान झालें नाहीं. मात्र महिनाभरांत आमचा डाव संपला कीं जपाची माळ हातांतच ठेवून त्या विचारूं लागल्या, "आज कोणाची हूल उघडी पडली?"

या हुलीमागें गणित आहे, हें मला पुढें वाचनांत आढळलें. मूळचे हंगेरीचे गणिती जॉन फॉन नॉयमन यांनीं १९२८ सालीं अशा खेळांच्या उपपत्तीवर निबंध लिहिला, आणि १९४४ सालीं ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत पोकरचा स्वतंत्र विचार केला आहे. त्याचा आशय असा कीं, जो खेळाडू केवळ चांगलीं पानें असतांनाच बोली वाढवितो, त्याची बोली वाढतांच बाकीचे सर्व पानें टाकतात, आणि त्याच्या उत्तम पानांचेंहि चीज होत नाहीं. म्हणून मधून मधून हूल देणें हें केवळ धाडस नव्हे. तो हिशेबाचाच एक भाग आहे. आपल्याकडेहि ही दृष्टि अगदींच नवी नाहीं. महाभारतांत द्यूताचा सर्वनाश आहे; पण त्याच ग्रंथाच्या वनपर्वांत नलोपाख्यानहि आहे. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें क्षणांत मोजून सांगतो आणि नळाला अक्षहृदय म्हणजे फाशांचें रहस्य शिकवितो. ही कथा सांगणारे बृहदश्व ऋषि शेवटीं युधिष्ठिरालाहि तीच विद्या देतात. मोजण्याची विद्या आणि खेळण्याचें व्यसन या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें त्या कथाकाराला पुरतें ठाऊक होतें. वैदिक काळीं बेहड्याचीं फळेंच फांसे म्हणून वापरीत, हें कळल्यापासून आमच्या चिंचोक्यांविषयींहि माझ्या मनांत थोडा आदर उत्पन्न झाला आहे.

परंतु चिंचोक्यांनीं आम्हांला आरंभीं चांगलेंच छळलें. पैसा नाहीं म्हणून कोणाला कशाचीच पर्वा नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंच्या भगिनी प्रत्येक डावास सगळे चिंचोके पुढें लोटीत, हरल्या कीं हंसत, आणि बरणींतून आणखी मूठभर घेत. हूल द्यावी तर मागें हटणारें कोणी नाहीं. हिशेब करावा तर त्याचा उपयोग नाहीं. बँकवाले स्नेही म्हणाले, "दहा-दहा रुपये ठेवूं या. त्यावांचून या खेळांत जीव येत नाहीं." दिरांचीहि मान हलूं लागली. त्यांचें म्हणणें अगदीं खोटें नव्हतें. ज्याची किंमत नाहीं तें टाकतांना कोणी विचार करीत नाहीं. पण दहाचे शंभर होण्यास फार दिवस लागत नाहींत, हेंहि तितकेंच खरें. आणि आंब्यांच्या कलमांची आठवण ज्यांच्या पोटांत अजून सलते, त्या वृद्धेच्या ओसरीवर तो प्रयोग मला करावयाचा नव्हता.

चार दिवस विचार करून मीं एक सूचना केली. गुढीपाडव्यास प्रत्येकास ५०० चिंचोके द्यावयाचे, आणि ते वर्षाचे. दर शनिवारीं खेळ संपला कीं ज्याची त्याची शिल्लक वहींत लिहावयाची. उसने घेणें नाहीं, बरणींत हात घालणें नाहीं. ज्याचे संपतील त्यानें पुढच्या पाडव्यापर्यंत पानें पिसावयाचीं आणि वाटावयाचीं. २०२३ च्या पाडव्यापासून हा नियम चालूं झाला आणि त्याच दिवशीं ओसरीवरचा खेळ बदलला. वीस चिंचोके पुढें सरकवावयाचे तर माणसें दोन मिनिटें विचार करूं लागलीं. पहिल्या वर्षीं त्या भगिनींची शिल्लक दसऱ्यालाच संपली; बिचाऱ्यांनीं पाडव्यापर्यंत तक्रार न करितां पानें वाटलीं, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांच्याइतकें सावध कोणी नव्हतें. मला यांतून एक गोष्ट कळली, ती अशी कीं खेळाला जीव पैशामुळें येत नाहीं. तो मर्यादेमुळें येतो. जें मोजकें आहे आणि पुन्हां भरून मिळणार नाहीं, तें खर्च करतांनाच माणूस खरा विचार करतो.

पैशाविषयीं इतकें कठोर असण्याचें कारण केवळ आमच्या सासूबाईंची आठवण नव्हे. कौशल्याचा खेळ कोणता आणि नशिबाचा कोणता, हा वाद आपल्या न्यायालयांतहि जुना आहे. रमीमध्यें पडलेलीं पानें ध्यानांत ठेवावीं लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची; तीनपत्तीसारखी निव्वळ नशिबाची नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं म्हटलें. पोकरविषयीं उच्च न्यायालयांत एकमत झालेलें नाहीं. मधल्या काळांत हे खेळ मोबाइल फोनमध्यें शिरले. आमच्या ओळखींतल्या एका तरुणानें रात्रीं अंथरुणांत पडल्या पडल्या दोन महिन्यांचा पगार घालविला. घरांत कोणाला चाहूलहि लागली नाहीं. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हां सासूबाईंनीं ती बातमी माझ्याकडून दोनदां वाचून घेतली. माझें मत असें आहे कीं, कौशल्य कितीहि असो, घरच्या माणसांना दिसणार नाहीं अशा ठिकाणीं आणि घरच्या पैशानें खेळलेला कोणताहि खेळ आपल्या घरांत नसावा. उघड्या ओसरीवर, दिवसाढवळ्या, चिंचोक्यांनीं खेळलेला पोकर निराळा.

आतां या खेळानें मला काय दिलें तें सांगतें. पहिली गोष्ट म्हणजे सोडून देण्याची संवय. हातांत सुरुवातीसच जोडी येण्याचा संभव सतरांत एक. दोन एक्के येण्याचा तर २२१ त एक. म्हणून शहाणा खेळाडू बहुतेक डावांत लवकरच पानें टाकतो आणि स्वस्थ बसून पाहातो. दुसरी गोष्ट, किती मिळणार आणि त्यासाठीं किती द्यावें लागणार, यांचा मेळ घालण्याची. समजा, माझ्याजवळ व मध्यें मिळून बदामाचीं चार पानें आहेत आणि शेवटचें एक पान उलगडावयाचें आहे. न दिसलेलीं पानें ४६. त्यांत बदामाचीं ९. म्हणजे सुमारें पांचांत एक वेळ माझें काम होणार. मध्यें ५० चिंचोके जमले असून मला १० च घालावयाचे असतील तर घालावे. २० च जमले असतील तर मुकाट्यानें पानें टाकावीं. मग पान उलगडल्यावर बदाम आला तरी हळहळ करूं नये. निर्णय योग्य होता, फळ आपल्या हातीं नव्हतें. गीतेंतला हा उपदेश मीं लहानपणापासून ऐकला आहे. पण तो अंगीं लावून पाहण्याची शाळा मला ओसरीवर सांपडली.

गृहिणीला घरांत पानें टाकण्याची मुभा सहसा नसते. कोणींहि हांक मारली कीं ओ द्यावयाची, प्रत्येक डाव आपलाच समजून खेळावयाचा. हें मला २०२४ च्या उन्हाळ्यांत फार जाणवलें. मुलीला दुसरें मूल व्हावयाचें होतें. ती नोकरी करते. बाळंतपणाची रजा संपल्यावर मीं निदान वर्षभर तरी बंगळूरला येऊन राहावें, असें तिनें गृहीत धरलें होतें. पहिल्या खेपेस मी अकरा महिने राहिलें होतें. या वेळीं मीं विचार करून सांगितलें कीं, बाळंतपणाच्या आधीं पंधरा दिवस व नंतरचे धरून एकंदर तीन महिने मी राहीन. पुढें बाळाला सांभाळणारी चांगली बाई पाहूं, तिच्या पगारांतला वांटा मी माझ्या शिलकींतून देईन, आणि अडीअडचणीला केव्हांहि गाडींत बसून येईन. फोनवर कांहीं वेळ ती बोललीच नाहीं. मग म्हणाली, "आई, पत्त्यांसाठीं तूं नातवंडाला सोडणार?"

तें वाक्य मला लागलें. मीं तिला म्हटलें, "पत्त्यांसाठीं नव्हे गं. तूं नोकरीवर परत जाणार आहेस ती कांहीं तुझ्या बाळाला सोडून जात नाहींस. तुझें तिकडे एक आयुष्य आहे, म्हणून जातेस. माझें इकडे एक आयुष्य आहे. तुझी आजी ८७ वर्षांची आहे. तुझे बाबा आहेत. आणि माझें म्हणून जें थोडें अलीकडे सुरूं झालें आहे, तेंहि आहे." ती पंधरा दिवस जेमतेम कामापुरतें बोलली. मी ठरल्याप्रमाणें तीन महिने राहिलें, रात्रीं जागलें, डिंकाचे लाडू केले, थोरल्या नातीला पाढे शिकविले, आणि सांगितलेल्या दिवशीं परत आलें. मिळालेली बाई चांगली निघाली. बाळ गुटगुटीत आहे. तथापि मुलीच्या मनांतली अढी अगदीं नाहींशी झाली, असें मी म्हणणार नाहीं. तिच्या मैत्रिणींच्या आया वर्ष-वर्ष राहातात, आणि ती तुलना तिच्या मनांत होत असणार. आईवर रागावण्याचा तिला हक्क आहे. आणि तो राग सोसूनहि आपल्या उरलेल्या वर्षांचा हिशेब आपण ठेवावा, हा हक्क मला आहे. साठीनंतरचीं वर्षें हीं त्या ५०० चिंचोक्यांसारखींच असतात. तीं कोणाला द्यावयाचीं नाहींत असें मुळींच नाहीं. तीं मोजून, समजून आणि आपल्या हातानें द्यावीं, इतकेंच.

घरांतल्या इतरांचेंहि सांगितलें पाहिजे. जाऊबाईंना पत्त्यांत मर्यादित गोडी. पण माझें पाहून त्यांनीं ६४ व्या वर्षीं मोडी लिपीच्या वर्गास नांव घातलें, आणि माळ्यावरच्या पेटींतलीं जुनीं जमाखर्चाचीं कागदपत्रें भिंग घेऊन त्या वाचीत बसतात. यजमान प्रथम कुरकुरत होते, कारण शनिवारचा चार वाजतांचा चहा चुकूं लागला. मीं चहा-साखरेचे डबे कोठें आहेत तें दाखविलें. आतां तो चहा तेच करतात, आणि चौघांदेखत त्याची स्तुति व्हावी अशी त्यांची अपेक्षा असते. स्तुति आम्ही करतों. चहाहि बरा असतो.

पुष्कळांना वाटतें कीं या वयांत नवीन कांहीं शिकून उपयोग काय. २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. त्यांत पुरुषांच्या जोडीचें सुवर्णपदक भारतास मिळवून देणारे प्रणब बर्धन ६० वर्षांचे आणि शिबनाथ सरकार ५६ वर्षांचे होते. आणि त्याच स्पर्धेंत भारतातर्फे खेळलेल्या रीता चोक्सी ७९ वर्षांच्या होत्या. लास व्हेगासला १९७० पासून पोकरची जी जागतिक मालिका भरते, तिच्या मुख्य स्पर्धेच्या अखेरच्या मेजापर्यंत पोंचणारी पहिली स्त्री बार्बरा एनराइट. १९९५ सालीं ती पांचवी आली. आपल्यापैकीं कोणी जकार्त्यास किंवा लास व्हेगासला जाणार नाहीं, हें खरें. पण केस पिकले म्हणून बुद्धि पिकून गळत नाहीं, एवढें या उदाहरणांवरून दिसतें.

ज्या भगिनींना असें कांहीं करून पाहावेंसें वाटेल, त्यांना दोन-तीन गोष्टी सुचवितें. पोकरच हवा असें नाहीं. सतार असो, संस्कृत असो, बागकाम असो, पण ज्यांत डोकें लागेल आणि ज्यांत आपण अगदीं नवशिके असूं असें कांहीं निवडावें. त्याचा वार आणि वेळ ठरवावी, ती घरांतल्या सर्वांना स्वच्छ सांगावी, आणि पाहुणे आले तरी सहसा मोडूं नये. चोरून केलेल्या गोष्टीला घरांत मान राहात नाहीं. आणि त्या गोष्टीचा उपयोग काय, असें कोणीं विचारलें तर उगीच उपयोग शोधीत बसूं नये. पत्त्यांनीं स्मरणशक्ति टिकते, असें मला पुष्कळजण समजुतीच्या स्वरांत सांगतात, जणूं काय मी तो काढा म्हणून घेतें! टिकली तर उत्तमच. पण आयुष्यभर आपण जें जें केलें तें कोणाच्या तरी उपयोगासाठीं केलें. आतां एक तरी गोष्ट अशी असूं द्यावी कीं जी आवडते म्हणून करतों, असें सरळ सांगतां यावें.

मुलें मोठीं झालीं आणि आपल्यावांचून त्यांचें चालूं लागलें, हें आपल्या हातून झालेलें मोठें काम आहे. तें पुरें झाल्यावर जो वेळ हातीं आला तो कोणीं दान दिलेला नाहीं. तो आपला कमावलेला आहे. गेल्या वर्षाच्या अखेरीस वहींत माझी शिल्लक ३४० निघाली, म्हणजे मी हरलेंच म्हणावयाचें. तरी त्यांतला एकहि चिंचोका मीं विचार न करितां टाकला नव्हता, आणि या पाडव्याची वाट मी परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखी पाहात आहें.